अर्जातला संशोधनाचा रकाना

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षण’ असा विषय दिला होता. तो वीस मिनिटांत मावणारा नाही, आणि जेवणाच्या मसालेभाताचा वास इथपर्यंत येतोय. म्हणून त्यातला एकच तुकडा घेतो. आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून गेली काही वर्षं मला फिरून फिरून एकच प्रश्न येतो. कुणाचा मुलगा एमबीबीएसला असतो, कुणाची पुतणी तिकडे न्यू जर्सीत जन्मलेली असते. प्रश्न असा, की अर्जात संशोधन कसं दाखवायचं? पेपर किती लागतात?

मी तिकडे एका मेडिकल कॉलेजात शिकवतो आणि प्रवेशाचे अर्ज वाचणाऱ्या समितीवर बसतो. त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं ते सांगू शकतो. आणि एकदा या बाजूने माझी काय फजिती झाली तेही सांगणार आहे. ती गोष्ट मी घरीसुद्धा फार कुणाला सांगितलेली नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे ‘जर्नल’ म्हटलं की अकरावी-बारावीचं प्रॅक्टिकलचं जर्नल आठवतं. मागच्या वर्षीच्या मुलाचं आणायचं, उत्तर आधी लिहायचं आणि रीडिंग मागून बसवायची. हसताय, म्हणजे तुम्हीही बसवली आहेत. संशोधनातलं जर्नल म्हणजे नियतकालिक. तिथे लेख पाठवला की संपादक तो त्या विषयाच्या दोन-तीन जाणकारांकडे तपासायला देतात, ते शंका काढतात, तुम्ही उत्तरं देता, आणि कित्येक महिन्यांनी तो छापला जातो किंवा परत येतो. याला पेपर म्हणायचं. अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे गोषवारा. परिषदेला पाठवलेला, अडीचशे-तीनशे शब्दांचा. तो स्वीकारला तर तुम्हाला भिंतीवर पोस्टर लावायला मिळतं किंवा दहा मिनिटं बोलायला मिळतं. हा गोषवारा पुष्कळदा एखाद्या नावाजलेल्या जर्नलच्या पुरवणी अंकात छापूनही येतो, आणि इथेच लोक घसरतात. छापून आला, जर्नलचं नाव आहे, मग पेपरच की! नाही. तो छापलेला गोषवाराच राहतो.

आता अर्ज. अमेरिकेत मेडिकल कॉलेजात जायचं ते चार वर्षांची पदवी घेतल्यावर. बहुतेक एमडी कॉलेजांचा अर्ज एकच असतो, एएमकॅस नावाचा. त्यात आयुष्यभर केलेल्या उद्योगांसाठी जास्तीत जास्त १५ नोंदी. प्रत्येक नोंदीला ७०० अक्षरं. शब्द नव्हे, अक्षरं, आणि मधल्या मोकळ्या जागाही त्यात धरायच्या. त्यातल्या तीन नोंदी ‘सर्वांत महत्त्वाच्या’ म्हणून निवडता येतात, त्यांना आणखी १३२५ अक्षरं मिळतात. प्रयोगशाळेतलं काम, पोस्टर-सादरीकरण आणि प्रकाशन असे वेगवेगळे प्रकार दिलेले असतात. मग मुलं काय करतात? एकाच उन्हाळ्यातलं एकच काम तिन्ही ठिकाणी लिहितात. माझ्या मुलीनेही पहिल्या कच्च्या मसुद्यात तेच केलं होतं. आमच्याकडे त्यावरून दोन दिवस अबोला होता. शेवटी तिने सगळी पोस्टर्स एका नोंदीत घातली, कामाची नोंद वेगळी ठेवली आणि प्रकाशनाचा प्रकार निवडलाच नाही, कारण प्रकाशन नव्हतंच. त्या जागेत तिने वृद्धाश्रमात शनिवारी पत्ते खेळायला जायची ते लिहिलं. मुलाखतीत तिला सगळ्यात जास्त त्याबद्दलच विचारलं, हे तिने मला फोनवर जरा टोमणा मारूनच सांगितलं.

अर्ज उन्हाळ्याच्या सुरुवातीला जातो आणि एकदा पाठवला की त्या नोंदी बदलता येत नाहीत. त्यामुळे ‘पाठवला आहे’, ‘स्वीकारला आहे’ आणि ‘छापला आहे’ यांत त्या दिवशी जे खरं असेल तेच लिहायचं. ऑक्टोबरात स्वीकारल्याचं पत्र आलं, तर जी कॉलेजं अशी पत्रं घेतात त्यांना कळवायचं. ‘पाठवला आहे’ या शब्दाला मात्र फारसं वजन नाही. पाठवायला काय, कुणीही पाठवतो. लेखकांची नावं ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने द्यायची. सात जणांत तुमचं पाचवं असेल तर पाचवं. ते वर सरकवण्याची लोकांना भारी हौस. मी वाचताना एका हाताने पबमेड उघडून ठेवलेलं असतं. शीर्षक टाकलं की अर्ध्या मिनिटात क्रम समोर येतो.

आता माझी गोष्ट.

माझी मुलाखत १९९४ च्या हिवाळ्यात झाली, रेसिडेन्सीसाठी. तेव्हा अर्ज कागदावर असायचे, पाकिटातून जायचे. इथे इंटर्नशिप करताना मी आमच्या प्राध्यापकांच्या हाताखाली शेतातल्या कीटकनाशकाने विषबाधा झालेल्या रुग्णांचे केसपेपर गोळा केले होते. रेकॉर्ड रूममध्ये बसून, धुळीने शिंकत, तीन महिने. अ‍ॅट्रोपिन किती दिलं, किती तासांनी दिलं, कोण वाचलं, याचे तक्ते मी हाताने केले. प्राध्यापकांनी ते राज्याच्या परिषदेत मांडलं आणि परिषदेच्या स्मरणिकेत त्याचा गोषवारा छापून आला. माझं नाव तिसरं होतं. मी बायोडेटात काय लिहिलं? ‘प्रकाशने’ असा मथळा आणि त्याखाली ते शीर्षक. परिषदेचं नाव गाळलं, वर्ष ठेवलं, आणि माझं नाव पहिलं.

मुलाखतीला एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी नेमकी तीच ओळ धरली. त्यांना अ‍ॅट्रोपिनच्या मात्रेत खरोखरच रस होता. म्हणाले, “कुठल्या जर्नलमध्ये आहे? मला इंडेक्स मेडिकसमध्ये सापडलं नाही.” म्हणजे हा माणूस माझ्यासाठी ग्रंथालयात जाऊन ते जाडजूड खंड चाळून आला होता! मी म्हटलं, लवकरच येणार आहे. ते म्हणाले, प्रत असेल तर पाठवा. मग त्यांनी रुग्णांबद्दल विचारायला सुरुवात केली, आणि तिथे मला सगळं तोंडपाठ होतं. पहाटे बैलगाडीतून आणलेला मुलगा, वॉर्डात रात्रभर आम्ही दर दहा मिनिटांनी बघत होतो त्या बाहुल्या, इंजेक्शनच्या संपलेल्या अँप्यूल्स. अर्धा तास बोललो. उठताना त्यांनी विचारलं, “हे छापलेलं नाही ना?” मी नाही म्हटलं. “मग हेच का नाही लिहिलंत? तीन महिने केसपेपर वाचले, एवढंच?”

त्या ठिकाणी माझी निवड झाली नाही. त्या वर्षी कुठेच झाली नाही. पुढच्या वर्षी ती ओळ जशी होती तशी लिहिली: परिषदेतील गोषवारा, तिसरा लेखक, केसपेपर गोळा करून तक्ते केले. निवड त्यामुळेच झाली असं मी म्हणणार नाही. परीक्षेचे गुणही होते, नशीबही होतं.

पुढे मला कळलं की हे करणारा मी एकटा नव्हतो. १९९५ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये एक लेख आला. पोटविकारांच्या फेलोशिपसाठी आलेल्या अर्जांतले दाखवलेले लेख दोघा संशोधकांनी प्रत्यक्ष शोधून पाहिले होते. ज्यांनी छापलेले लेख दाखवले होते, त्यांतल्या सुमारे ३० टक्के उमेदवारांच्या नोंदी खोट्या निघाल्या. मी तो लेख वाचला तेव्हा कान गरम झाले होते.

आज हा मोह वाढलाय, आणि त्याला कारण आहे. एमबीबीएस करून तिकडे जाणाऱ्या मुलांसाठी यूएसएमएलईची पहिली पायरी २६ जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास झाली. पूर्वी तिथले गुण सगळ्यात आधी बघितले जायचे. ते गेल्यावर लोक दुसरा आकडा शोधू लागले. रेसिडेन्सीच्या निवडीची जी अधिकृत आकडेवारी निघते, तिच्यात गोषवारे, सादरीकरणं आणि पेपर यांची एकत्र बेरीज करून एकच आकडा दिलेला असतो. मुलं तो आकडा बघतात आणि घाबरतात. पण त्या आकड्यात एक काम तीनदाही मोजलं गेलेलं असू शकतं, हे कुणी त्यांना सांगत नाही. बाकीच्या अनुभवांना रेसिडेन्सीच्या अर्जात आता दहाचीच मर्यादा आहे. मग सगळा जोर प्रकाशनांच्या यादीवर येतो.

आणि मागणी आली की दुकान येतंच. पैसे घेऊन आठवड्याभरात काहीही छापणारी जर्नल्स निघाली. कोलोरॅडो विद्यापीठातले ग्रंथपाल जेफ्री बील अशा प्रकाशकांची यादी ठेवत असत. २०१७ च्या जानेवारीत ती यादी इंटरनेटवरून गेली, दुकानं राहिली. आता तर तयार लेखात नाव घालून देण्याचं ‘पॅकेज’ मिळतं.

मागच्या पावसाळ्यात आमच्याच वर्गातल्या एका मैत्रिणीने मला तिच्या मुलीचा सीव्ही पाठवला. परवानगी घेऊन सांगतोय. मुलगी इंटर्नशिप करत होती, आणि आठ महिन्यांत अकरा पेपर! मी मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, “अरे, सगळीच मुलं करतात. आपली मागे राहील.” मी म्हटलं, फोन तिच्याकडे दे. तिला विचारलं, पाचव्या पेपरात तू काय केलंस? ती गप्प. मग म्हणाली, “काका, माझं नाव घातलंय.” वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांचा एक गट १९७८ साली व्हँकुव्हरला जमला होता, लेखक कुणाला म्हणावं याचे आज जगभर चालणारे त्यांचे नियम मी तिला वाचून दाखवले. कामात खरा वाटा हवा, लिहिण्यात किंवा सुधारण्यात हात हवा, शेवटचा मसुदा मान्य केलेला हवा आणि त्यातल्या मजकुराची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. चारही अटी एकदम. अकरापैकी किती टिकतात ते तूच सांग, म्हटलं.

यादीत नवव्या क्रमांकावर एक ओळ होती, तिने तिची स्वतःहून लाजत ओळख करून दिली. दुसऱ्या वर्षाला असताना आयसीएमआरची विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची योजना असते, १९७९ पासून चालू आहे, त्यात तिने आश्रमशाळेतल्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासलं होतं. अहवाल मंजूर झाला, छापला कुठेच नाही. मी तिला विचारलं, किती मुली? सुया कोणी टोचल्या? किती जणींनी नकार दिला? ती अशी बोलायला लागली की थांबेना. एक मुलगी सुईला घाबरून झाडावर चढून बसली होती, आणि हिने खाली उभं राहून तिला अर्धा तास समजावलं, तरी ती उतरली नाही. “मग तिचं रीडिंग?” “नाहीच घेतलं, काका. तक्त्यात एक कमी आहे.”

इथे मला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची आठवण येते. विंचूदंशाचे रुग्ण तपासता तपासता, टिपणं ठेवून, त्यांनी प्राझोसिनचं काम १९८६ साली ‘लॅन्सेट’पर्यंत पोचवलं, आणि २०११ मध्ये ‘बीएमजे’त. मोठी प्रयोगशाळा नव्हती. मोजलेले रुग्ण होते.

त्या मुलीने दहा ओळी काढून टाकल्या. सोपं नव्हतं; पैसे गेले होते, आणि घरात आईशी भांडण झालं. आश्रमशाळेचं काम तिने आता नीट लेखाच्या रूपात लिहून एका चांगल्या जर्नलला पाठवलंय. सध्या अर्जात त्यापुढे ‘पाठवला आहे’ एवढंच लिहिलेलं आहे. अर्ज सप्टेंबरच्या अखेरीला जाईल. निवड होईल का, मला माहीत नाही, आणि मी तिच्या आईला तसं स्पष्ट सांगितलंय.

संयोजक म्हणाले हे भाषण स्मरणिकेत छापणार आहेत. छापा. मी ते माझ्या प्रकाशनांत धरणार नाही.

जेवणानंतर मी मागच्या कडुनिंबाखाली बसणार आहे. ज्यांनी मुलांचे सीव्ही आणलेत त्यांनी तिथे यावं. मुलांना घेऊन यावं, आईवडिलांनी एकटं येऊ नये.