पुस्तकातला चौकोन आणि घरातला एकच फोन



बालभारतीच्या पुस्तकांत काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो, तो क्यूआर कोड. 'दीक्षा' ॲपने तो टिपला की धड्याचे व्हिडिओ उघडतात. ही वाट दाखवणाऱ्यांत सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी; २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले.

त्याच साली शाळा बंद झाल्या. आपल्या घरांत फोन एकच, तोही वडिलांबरोबर कामावर. संध्याकाळी आला की आधी मुलाच्या हातात; मुलीची पाळी येईपर्यंत बॅटरी संपलेली! आपल्याच घरातलं बोलतोय, राग मानू नका.

म्हणून विहारात संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू करताना आम्ही एकच फोन सगळ्यांच्या मध्ये ठेवला. सुरुवातीला चुकलोच. व्हिडिओ लावून दिला, मुलं सिनेमासारखी बघत बसली. अपूर्णांकांची बेरीज विचारली तर सगळी गप्प. आता दर दोन-तीन मिनिटांनी व्हिडिओ थांबवतो, पाटीवर गणित करून घेतो, अडलं तर पुन्हा मागे नेतो. फोन दहादा तेच सांगतो, वैतागत नाही, आम्ही वैतागतो!

वर्ग रोज सात वाजता असतो. मुलींना पाठवा, पाटी-पेन्सिलीसह. स्वयंपाक अर्धा तास उशिरा झाला तरी चालेल.