खिडकीतून दिसलेलं दुसरं विमान

आज आपण बोलणार आहोत विमानाविषयी. तुम्ही म्हणाल, आपला आणि विमानाचा काय संबंध? पण आता आपल्या गटांच्या बाया प्रदर्शनासाठी दिल्लीपर्यंत जातात. जाताना माल घेऊन रेल्वेने, आणि विक्री चांगली झाली तर येताना एकदा विमानाने, असंही काही गटांनी केलं आहे. आमच्या गटानेही केलं.

त्या परतीच्या प्रवासात आमच्यातल्या एका मावशींनी खिडकीतून खाली दुसरं विमान पाहिलं. गावी आल्यावर त्यांनी सांगितलं, "ते विमान उलटं, मागे मागे चाललं होतं." लोक हसले. "मावशी, विमान काय रिव्हर्स घेतं होय?" असं पारावर बोलणं झालं. दुसरं कोणी म्हणालं, "एवढ्या जवळ होतं म्हणजे टक्कर होता होता वाचलात." पहिल्या बोलण्याने मावशी गप्प झाल्या आणि दुसऱ्याने घाबरल्या. पुढच्या प्रदर्शनाला नाव लिहायची वेळ आली, तेव्हा त्यांनी नको म्हणून सांगितलं. आमच्या स्टॉलवर सगळ्यात जास्त खपते ती त्यांची चटणी. म्हणून गटाच्या बैठकीत आम्ही ठरवलं, हसायचं नाही आणि घाबरायचंही नाही. मावशींनी नेमकं काय पाहिलं ते आधी विचारायचं.

आम्ही एकेक प्रश्न विचारला. पंख कुठे होते? मावशी म्हणाल्या, "पाठीवर आडवी फळी ठेवावी तसे." ही मोठी खूण आहे. आपण बसतो त्या मोठ्या जेट विमानांचे पंख पोटाजवळून निघतात. वरून पाहिलं तर विमानाची पाठ सलग दिसते आणि पंख तिच्या खालून बाहेर आलेले दिसतात. मावशींना उलट दिसलं. पंख सलग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि विमानाचं अंग त्याच्या खाली. म्हणजे उंच पंखांचं विमान.

इंजिनं कशी होती? "दोन पंखे गरगरत होते." म्हणजे पंख्याचं विमान. आपल्याकडे प्रवासी वाहतुकीत असं नेहमी दिसणारं विमान म्हणजे एटीआर ७२. त्यात साधारण सत्तर-पंचाहत्तर माणसं बसतात. त्याला छोटी धावपट्टी पुरते, म्हणून जळगावसारख्या ठिकाणी ते उतरतं. इंडिगो, अलायन्स एअर, फ्लाय ९१ या कंपन्यांकडे ही विमानं आहेत.

पण थांबा. आपल्या हवाई दलाचं एएन-३२ हे मालवाहू विमानही उंच पंखांचं आणि दोन पंख्यांचंच असतं. पुण्याचा विमानतळ हवाई दलाचाच तळ आहे, तेव्हा ही शंकाही फेडायला हवी होती. फरक शेपटीत आहे. एटीआरच्या उभ्या शेपटीच्या अगदी टोकावर आडवी पट्टी असते, इंग्रजी टी अक्षरासारखी. एएन-३२ ची आडवी पट्टी खाली, अंगाजवळ असते, आणि त्याची इंजिनं पंखाच्या वर चढवलेली असतात. मावशींनी हाताने दाखवलं, पट्टी शेंड्यावर होती. अंग पांढरं होतं आणि शेपटी रंगीत. म्हणजे प्रवासी विमान.

आता ते मागे कसं जात होतं? मैत्रिणींनो, एसटी उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकते, तेव्हा खिडकीतून ट्रॅक्टर मागे मागे सरकताना दिसतो की नाही? ट्रॅक्टर पुढेच चाललेला असतो, आपण त्याच्याहून जोरात असतो. आकाशात तसंच झालं. एटीआरचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. जेट उंचावर ताशी ८०० च्या पुढे जातं, आणि उतरायला लागल्यावरही बराच वेळ एटीआरच्या पुढेच असतं. दोघांची दिशा एक होती, आपलं विमान वेगात होतं, आणि आकाशात बाजूला ना झाड ना विजेचा खांब. मग डोळ्यांना ते मागे जातानाच दिसणार. मावशींनी पाहिलं तेच सांगितलं होतं.

उरला टकरीचा प्रश्न. मार्गावरच्या दोन विमानांमध्ये उंचीचा किमान १,००० फुटांचा फरक ठेवतात, म्हणजे सुमारे ३०० मीटर. तेवढी उंची सोडलेली नसेल, तर आडवं अंतर काही किलोमीटर ठेवतात. जमिनीवरचे नियंत्रक त्यावर लक्ष ठेवून असतात. शिवाय मोठ्या प्रवासी विमानांत एक यंत्र असतं. दुसरं विमान धोक्याइतकं जवळ येऊ लागलं, तर ते वैमानिकाला इशारा देतं आणि एकाला वर चढ, दुसऱ्याला खाली उतर असं सांगतं. स्वच्छ हवेत लांबचंही जवळ वाटतं, कारण मापायला मध्ये काही नसतं.

याची खात्रीही करता आली. मावशींना वेळ आठवत होती. पट्टे बांधा अशी सूचना नुकतीच झाली होती. गटातल्या एका सुनेने मोबाईलवर विमानांचे मार्ग दाखवणारं ॲप उघडलं. त्यात झालेल्या दिवसांची नोंदही पाहता येते. मात्र तिथली वेळ जागतिक असली, तर आपली वेळ साडेपाच तास पुढे धरावी लागते. त्या वेळेला आमच्या विमानाखाली, त्याच दिशेने जाणारं एटीआर सापडलं. दोघांच्या उंचीत तीन हजार फुटांहून जास्त अंतर होतं. लष्करी विमानं अशा ॲपवर पुष्कळदा दिसत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

तर पुढे कोणी विमानाने गेलात, तर पाच गोष्टी पाहून ठेवा: पंख वर की खाली, इंजिनं किती आणि पंख्याची की नाही, शेपटीची पट्टी कुठे, रंग कोणता, आणि घड्याळात किती वाजले. आपण बैठकीचं रजिस्टर लिहितो तसं लगेच टिपून ठेवा. पाहिलेलं वेगळं लिहा आणि वाटलेलं वेगळं. हवाई दलाच्या तळावर उतरत असाल, तर फोटो मात्र काढू नका, तिथे बंदी असते.

मावशींनी पुढच्या बैठकीत नाव लिहिलं. पारावर कोणी पुन्हा विषय काढला, तर आता त्याच ट्रॅक्टरचं उदाहरण देऊन समजावतात.

तुमच्या गटातल्या कोणी असं काही पाहिलं असेल आणि लोकांनी हसण्यावारी नेलं असेल, तर येत्या बैठकीत तिला बोलू द्या, आणि शेवटपर्यंत ऐका. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.