ज्युबिलीची उपकारस्तुती



कऱ्हा, नीरा व भीमा यांच्या कुशीत आमची बारामती-इंदापूरची भूमी वसली आहे. भिगवणच्या जलाशयावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ही सर्व परमेश्वराची देणगी होय. परंतु हाच जलाशय भरताना पळसदेवसारखी गावे बुडाली. सन १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. तरी पाणी ओसरले म्हणजे तेथील प्राचीन देऊळ आजही वर दिसते. ज्यांची घरे गेली, जे ऊसतोडीस दुरून येतात, जे तुकोबांच्या पालखीसंगे तहानेले चालतात, ती सर्व एकाच पित्याची लेकरे. यास्तव वेदीपुढून परतताना त्यांपैकी एकास तरी आम्ही आपल्या घरचे पाणी द्यावे. तेव्हाच आमची उपकारस्तुती पुरी होईल. आमेन.