फोनमधले आभासी यंत्र

अँड्रॉइडवरची बरीचशी ॲप जावा किंवा कोटलिन भाषेत लिहिलेली असतात. फोनच्या प्रोसेसरला या भाषा कळत नाहीत. ॲपसोबत येतो तो बाइटकोड, म्हणजे मधल्या टप्प्याचे रूप. ते वाचून प्रोसेसरकडून काम करून घेणारी प्रणाली म्हणजे आभासी यंत्र. २०२१ मध्ये महाराष्ट्रात ई-पीक पाहणीचे ॲप सुरू झाले आणि पीक नोंदवायला मेहकर-चिखलीच्या शेतकऱ्याचा फोन थेट बांधावर आला. फोन स्वस्त आणि मेमरी तोकडी असली की या यंत्राचा वेग लगेच जाणवतो.

अँड्रॉइडचे पहिले यंत्र ‘डाल्विक’. ते एकेक सूचना वाचून पाळत असे. तीच सूचना हजार वेळा आली तर हजार वेळा वाचत असे. २०१० मध्ये, अँड्रॉइड २.२ पासून, वारंवार लागणारा भाग ॲप चालू असतानाच प्रोसेसरच्या भाषेत उतरवला जाऊ लागला. मात्र ॲप बंद झाले की ही मेहनत वाया जाई. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये ‘आर्ट’ या नव्या यंत्राने डाल्विकची जागा घेतली आणि दुसरे टोक गाठले गेले: ॲप बसवतानाच सगळ्याचे भाषांतर. ॲप चपळ झाली, पण बसवायला वेळ लागू लागला, जागाही जास्त गेली. ज्या फोनमध्ये जागेचीच चणचण, तिथे हा सौदा महागच होता.

तोड निघाली २०१६ मध्ये, अँड्रॉइड ७ मध्ये. ॲप वापरात असताना कोणता भाग जास्त चालतो याची यंत्र नोंद ठेवते. मग फोन चार्जरवर आणि निवांत असताना तेवढ्याच भागाचे भाषांतर करून साठवते. (रात्री वीज गेली, तर काम पुढच्या चार्जिंगवर.)

वेग वाढवण्याची दुसरी युक्ती जुनी आहे. प्रोग्रॅममध्ये एखाद्या ठिकाणी मागच्या वेळी ज्या प्रकारची वस्तू (म्हणजे मेमरीतला माहितीचा गठ्ठा) आली, त्याच प्रकारची पुन्हा येईल असे धरून, तिच्यासाठी कोणता भाग चालवायचा ही शोधाशोध वाचवायची. अंदाज चुकला तर नेहमीच्या वाटेने जायचे. पीटर डॉइच आणि ॲलन शिफमन यांनी स्मॉलटॉक-८० या भाषेसाठी ती १९८४ मध्ये मांडली.

उरते मेमरीची साफसफाई, म्हणजे निकामी वस्तू काढून जागा मोकळी करणे. नव्या वस्तू लवकर निकामी होतात, म्हणून यंत्र त्याच आधी तपासते. पवईच्या आयआयटीत उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी याच्या पुढचा प्रश्न घेतला: प्रोग्रॅमला जिच्यापर्यंत पोहोचता येते, पण जी पुढे कधीच वापरली जाणार नाही, अशी वस्तू आधीच कशी ओळखावी? त्यांचा शोधनिबंध २००७ चा आहे.

जागा अगदीच संपत आली तर फोन चार्जिंगवरचे भाषांतर टाळतो. तेव्हा नको असलेले व्हिडिओ वेळच्या वेळी काढून टाकावेत.