गोम, वाणी आणि कुंडीखालचे इतर

पावसाळ्याच्या तोंडाला मोरीतून किंवा कुंडीखालून पुष्कळ पायांचा एखादा जीव बाहेर आला, की तो सरसकट गोम ठरतो आणि चपलेखाली जातो. त्यांतले बरेचसे गोम नसतातच.

गोमेचे अंग चपटे असते आणि अंगाच्या प्रत्येक खंडाला पायांची एकच जोडी असते. या जोड्या नेहमी विषम भरतात. घोण म्हणतात त्या मोठ्या गोमेला त्या बहुधा २१ असतात, भिंतीवरून सरसर पळणाऱ्या लांब पायांच्या गोमेला १५. डोक्यामागची पहिली जोडी विषारी नांग्यांची असते; भक्ष्य पकडायचे ते तिनेच. घोण चावली तर जबर ठणका लागतो, सूज येते. माणूस दगावणे मात्र फारच विरळा. लांब पायांची गोम तर झुरळे आणि कसर खाते. तिला मारण्यात घराचे नुकसानच आहे.

वाणी, म्हणजे मिलिपीड, अंगाने गोल आणि टणक. तिच्या बहुतेक कड्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, तरी चाल संथ. ऑस्ट्रेलियात जमिनीखाली खोल सापडलेल्या एका जातीच्या मादीला १३०६ पाय मोजले गेले. त्याची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. डिवचले की वाणी वेटोळे करते. ती चावत नाही, पण तिच्या अंगातून पाझरणाऱ्या स्रावाने कातडीवर तपकिरी डाग पडतात आणि डोळ्यांची आग होते.

कुंडीखाली गोळी होऊन बसणारा राखाडी जीव वेगळाच. त्याला पायांच्या सातच जोड्या असतात, आणि तो नातलग खेकड्या-कोळंबीचा. पुस्तकांतली चंदेरी कसर तर सहा पायांचा कीटक; शेपटाकडच्या तीन तंतूंमुळे पाय जास्त भासतात, इतकेच.

निरुपद्रवी वाटणारी वाणी शेतात मात्र त्रास देते. एरवी ती कुजका पाला खाऊन माती करते. पण विदर्भ-मराठवाड्यात पेरणीनंतर ती सोयाबीन आणि कपाशीचे कोवळे अंकुर कुरतडते. अशा वेळी शेतात संध्याकाळी ओल्या गवताचे छोटे ढीग ठेवतात. वाणी रात्रीतून त्यांखाली जमतात. सकाळी त्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकतात.