हप्ता आणि हक्क

(खानदेशातील बौद्ध कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपल्यापुढे घरखर्चाचा विषय घेऊन उभा आहे. वकिलीच्या निमित्ताने जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत माझे येणेजाणे असते. पूर्वी आपली माणसे मला जमिनीच्या नोंदीविषयी, फौजदारीविषयी, दाखल्यांविषयी विचारीत. आता त्याहून अधिक वेळा एकच प्रश्न कानी पडतो : "वकीलसाहेब, हप्ता कधी येईल?" हा प्रश्न विचारणाऱ्या भगिनीचा मी उपहास करीत नाही. ज्या घरी कापसाची वेचणी संपली की दोन महिने हाताला काम नसते, त्या घरी पंधराशे रुपयांचे मोल काय, हे केवळ त्या घरालाच ठाऊक. परंतु सरकार खात्यावर जी रक्कम पाठविते तिच्या भरवशावर संसाराची घडी बसवावी काय, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने शांतपणे केला पाहिजे. माझे मत मी आरंभीच सांगून टाकतो. रक्कम अवश्य घ्यावी. तिच्यावर कर्ज मात्र काढू नये.

प्रथम घेण्याविषयी. काही सुस्थितीतील मंडळी म्हणतात की, अशा पैशाने माणसे आळशी होतात व ही एक प्रकारची भीकच आहे. हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. साबणाची वडी विकत घेणारी मजूर स्त्रीदेखील सरकारला कर देते. महिन्याला पंधराशे म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. पन्नास रुपयांत कोणी आळशी झाल्याचे मी पाहिलेले नाही. उलट ज्या स्त्रीला मीठमिरचीसाठीही नवऱ्यापुढे हात पसरावा लागे, तिच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात पैसा येतो, ही लहान गोष्ट नव्हे. लाडकी बहीण योजनेविरुद्धचा अर्ज २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही फेटाळला. तेव्हा पैसा घेण्यात लाज नाही. लाज वाटावीच तर ती खोटे प्रतिज्ञापत्र करून घेणाऱ्यास वाटावी. २०२५ च्या तपासणीत सुमारे चौदा हजार पुरुषांच्या खात्यांवर हे पैसे गेल्याचे उघड झाले, तो प्रकार तसलाच होता.

आता भरवशाविषयी. ही योजना जन्मली ती २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने. विधिमंडळाने तिच्यासाठी निराळा कायदा केलेला नाही. शासन निर्णय म्हणजे एका खात्याने काढलेला आदेश. तो खात्याला बदलता येतो, आखडता येतो, मागेही घेता येतो. आरंभी वयाची मर्यादा २१ ते ६० होती, ती थोड्याच दिवसांत ६५ पर्यंत वाढविली गेली. ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे तीन हजार एकदम आले. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती, म्हणून त्या महिन्याचा हप्ता आधीच हाती पडला. प्रचारात पंधराशेचे एकवीसशे करण्याचे आश्वासन मिळाले; मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ही वाढ नव्हती. त्यानंतर छाननी सुरू झाली आणि जून २०२५ पासून सुमारे २६ लाख खात्यांचा लाभ स्थगित झाला. सप्टेंबरात ई-केवायसीचा आदेश निघाला व अंगठा, आधार आणि मोबाइल यांचा मेळ बसविण्यासाठी बायाबापड्या सेतू केंद्रांपुढे रांगा लावून उभ्या राहिल्या. एवढे सारे जेमतेम सव्वा वर्षात घडले. यांतील काही बदल योग्यही असतील. पण जी रक्कम सव्वा वर्षात इतकी रूपे पालटते, तिला उत्पन्न म्हणावे काय?

याच योजनेची आणखी एक हकीकत सांगतो. २०२४ च्या ऑगस्टमध्येच पुण्यातील एका जमिनीच्या मोबदल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे होता. राज्य सरकार मोबदला देण्यास चालढकल करते हे पाहून न्यायालयाने ही योजनाच थांबविण्याचा इशारा दिला. ती थांबली नाही हे खरे. परंतु खानदेशातील चुलीचे भवितव्य पुण्यातील एका अपरिचित माणसाच्या जमिनीच्या खटल्यात टांगणीला लागू शकते, हे तेव्हा दिसून आले.

शिंदखेडा तालुक्यातील एक विधवा भगिनी माझ्याकडे आली होती. तिच्या नावावर दोन एकर कोरडवाहू जमीन. पंधराशेचे पहिले हप्ते आल्यावर तिने शेळ्यांसाठी एका कंपनीकडून अठ्ठावीस हजारांचे बिनतारण कर्ज घेतले. चोवीस महिने, दरमहा सुमारे चौदाशे ऐंशी. हिशेब किती चोख! सरकारचा हप्ता यायचा आणि कंपनीचा हप्ता जायचा. पण किसान सन्मान आणि नमो शेतकरी या दोन योजनांचे मिळून वर्षाला बारा हजार, म्हणजे दरमहा एक हजार, ज्या स्त्रीला स्वतःच्या नावावर मिळतात, तिला लाडक्या बहिणीचे फक्त उरलेले पाचशे मिळतात, असा नियम आहे. तिचे पंधराशेचे पाचशे झाले. शेतीचे चार हजार चार महिन्यांतून एकदा येणार आणि तेही पेरणीत जाणार. कंपनीचा हप्ता मात्र चौदाशे ऐंशीच राहिला. वसुलीवाला दारात बसू लागला तेव्हा तिने तीन शेळ्या विकल्या. तिने मला विचारले, "यावर दावा लागतो का?" सरकारवर दावा लागत नव्हता. नियम सर्वांना सारखा लावलेला होता आणि पंधराशेच मिळत राहतील असे वचन कोणत्याही कायद्याने तिला दिलेले नव्हते.

हा मुद्दा थोडा उलगडून सांगणे अवश्य आहे. आपल्या संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजारपण अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद राज्याने करावी असे म्हटले आहे. परंतु "आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत", ही अटही तेथेच आहे. शिवाय ३७ वा अनुच्छेद सांगतो की, ही तत्त्वे न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाहीत. म्हणजे ४१ व्या अनुच्छेदावर बोट ठेवून आपण राज्यकर्त्यांना जाब विचारू शकतो, फिर्याद करू शकत नाही. निवडणुकीच्या जाहीरनाम्याची अवस्था याहूनही वाईट. त्यातील वाक्यावर वसुलीचा दावा लावता येत नाही. आणि योजनेचा पैसा विधिमंडळ दरवर्षी नव्याने मंजूर करते. एका वर्षीची मंजुरी पुढल्या वर्षास बांधून घेत नाही.

मग हक्क कशास म्हणावयाचे? याचे उत्तर आपल्या घरातील रेशनच्या पिशवीत आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो धान्य ठरवून दिले आहे. धान्य मिळाले नाही तर त्याऐवजी अन्नसुरक्षा भत्ता मागण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या ८ व्या कलमात आहे. तक्रारीसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्यावर राज्य अन्न आयोग आहे. हा झाला हक्क. मात्र मूळ कायद्यात तांदूळ तीन रुपये किलो व गहू दोन रुपये किलो असा भाव होता. २०२३ पासून ते धान्य फुकट मिळते, ते केंद्र सरकारच्या निर्णयाने, आणि २०२४ च्या जानेवारीपासून पाच वर्षांसाठी. एकाच पिशवीत दोन वस्तू आहेत. धान्य कायद्याचे आहे, फुकटपणा योजनेचा आहे. उद्या फुकटपणा गेला तरी पाच किलो मागण्याचा आपला अधिकार उभा राहील. घरात येणाऱ्या प्रत्येक सरकारी पैशाविषयी असा भेद करावयास आपण शिकले पाहिजे.

योजनेचा हक्क होऊ शकतो, हे याच महाराष्ट्राने सिद्ध केले आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याची कामे निघाली, त्यात आपले आईबाप होते. ती प्रथम योजनाच होती. पण मजुरांनी मोर्चे काढले, कायद्याची मागणी लावून धरली, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत होऊन १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. पुढे २००५ साली सबंध देशाने तो मार्ग स्वीकारला. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला, हमीचे दिवस शंभराचे एकशेपंचवीस केले आणि मजुरीच्या खर्चातही राज्यांना वाटेकरी केले. कायदाही बदलतो, हे यावरून दिसते. परंतु त्यासाठी सरकारला संसदेत उभे राहावे लागले, विरोध ऐकावा लागला. खात्याचा आदेश बदलावयास एक टिपण पुरते.

दुसऱ्याच्या मर्जीवर चूल पेटविणे म्हणजे काय, हे आपल्या समाजास कोणी शिकवावयास नको. बलुते हेही एक नेमाने येणारे उत्पन्नच होते. खळ्यावर जावे, पदर पसरावा आणि वर्षाचे धान्य आणावे. पण ज्या दिवशी मेलेले जनावर ओढण्यास नकार दिला, त्या दिवशी गावाने बलुते बंद केले. १९२९ साली मुंबई सरकारच्या समितीचे सभासद म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात आले होते. चाळीसगावला ते उतरले, ते धुळे मार्गावरील एका गावी सवर्णांनी अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करण्यासाठी. त्याच फेरीत चाळीसगावी त्यांना टांग्याचा अपघात झाला. अस्पृश्याचा टांगा हाकणार नाही असे टांगेवाल्याने म्हटल्यामुळे न सरावलेल्या हातांनी तो हाकावा लागला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२८ साली, त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मुंबई कौन्सिलात मांडले होते. त्यांनी वतनदारांसाठी जास्त बलुते मागितले नाही. ठरलेला मोबदला आणि वतनातून सुटण्याची मोकळीक मागितली. वतने प्रत्यक्षात संपली १९५९ साली. आजचे सरकार म्हणजे गावचा पाटील नव्हे, त्याला आपणच मते देतो, हा फरक मी विसरत नाही. तरीही मिळकतीची जात पाहिली तर, देणाऱ्याच्या सोयीने येणारी आणि त्याच्याच सोयीने थांबणारी मिळकत कोणती, हे आपण ओळखले पाहिजे.

शिवाय या पैशाचा उगमही पाहा. २०२५ च्या मे महिन्यात लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये वळविण्यात आले. आदिवासी विकास विभागाचेही वळविले गेले. त्या वेळी सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, घरकुले ही ज्या खात्याची कामे, त्याचा हा पैसा. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ साली अनुसूचित जातींच्या उपयोजनेचा निधी कायद्याने बांधला. महाराष्ट्रातही अशा कायद्याची मागणी अनेक वर्षे होत आली आहे. आईच्या खात्यात पंधराशे आले आणि मुलाची शिष्यवृत्ती लांबली, तर त्या घरास लाभ झाला की तोटा, याचा हिशेब कोणी मांडावयाचा? तो आपणच मांडला पाहिजे.

श्रीमंत देशांतही असेच घडते. अमेरिकेने साथीच्या काळात नागरिकांना तीन वेळा रकमा पाठविल्या : बाराशे, सहाशे आणि चौदाशे डॉलर. मुलांसाठी दरमहा भत्ता दिला तो २०२१ च्या जुलै ते डिसेंबरपर्यंत. तेथील बालदारिद्र्य त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर उतरले आणि भत्ता थांबल्यावर २०२२ साली १२.४ टक्के झाले. आपल्याकडे २०२० साली जनधन खात्यांवर स्त्रियांना पाचशे रुपये आले, एप्रिल, मे, जून. टाळेबंदीचे परिणाम जुलैत संपले नव्हते. पैसे संपले होते.

आता व्यवहाराचे बोलतो. जी रक्कम टिकेल याची खात्री नाही, तिच्यातून टिकणारी वस्तू विकत घ्यावी. आपल्या घरांत सर्वांत टिकाऊ वस्तू म्हणजे कागद. आजोबा वारले तरी सातबाऱ्यावर वारस नोंद नाही, अशी घरे याच सभेत असतील. रेशनकार्डावर सुनेचे व नातवाचे नाव नाही. बापाच्या शाळेच्या दाखल्यावर "हिंदू महार" आणि मुलाच्या दाखल्यावर "बौद्ध", म्हणून जातीचा दाखला अडला आहे. तो अडण्याचे कारण नाही. १९६० साली महाराष्ट्राने बौद्धांस सवलती दिल्या, पण त्या राज्याच्या आदेशाने, म्हणून राज्याच्या सीमेपर्यंतच. १९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती केली, तेव्हापासून बौद्धास अनुसूचित जातीचा दर्जा सबंध देशात आहे. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. तो गावच्या जुन्या शाळेच्या नोंदवहीत, कोतवाल बुकात शोधावा लागतो. त्याला जाण्यायेण्याचे भाडे लागते, नकलेची फी लागते, दोन दिवसांची मजुरी बुडते. दोन हप्ते त्यात घाला. पडताळणीचे प्रमाणपत्र एकदा हाती आले की ते मुलाच्या उपयोगी पडेल, नातवाचा पुरावाही होईल.

ज्यांनी कर्ज घेतलेच आहे त्यांनी भिऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा लहान कर्जदारांच्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. मुदतीपूर्वी फेडल्यास दंड नाही. सकाळी नऊपूर्वी व सायंकाळी सहानंतर वसुलीसाठी तगादा लावता येत नाही, शिवीगाळ तर मुळीच नाही. बँकेने योजनेचा पैसा परस्पर जुन्या थकबाकीत वळता केला असेल तर लेखी तक्रार द्यावी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अशा तक्रारी आल्यावर शासनाने बँकांना तसे न करण्याची सूचना दिली होती.

तक्रार मग ती रेशनची असो, कर्जाची असो वा थांबलेल्या हप्त्याची, तोंडी करू नका. दोन प्रती लिहा, एक कचेरीत द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. कारकून शिक्का देत नसेल तर तीच प्रत स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा. सभा संपल्यावर मी येथे तासभर थांबणार आहे. ज्यांनी कागद आणले आहेत त्यांनी पुढे यावे. वारस नोंदीचे कागद असलेल्यांनी आधी यावे, कारण त्यांना वेळ अधिक लागतो.