वादळाच्या जोराचे गणित
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी गणितावर बोलणार म्हटल्यावर कोणाला हसू आले तर नवल नाही. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. १ जूनला ते अजून चक्रीवादळही नव्हते; २ तारखेच्या दुपारी चक्रीवादळ झाले, आणि ३ तारखेच्या सकाळी तीव्र चक्रीवादळ. हा जोर दोन दिवसांत चढला कसा, हे आपण बायकांनी समजून घ्यायला नको का?

वादळाचे जळण म्हणजे समुद्राची ऊब. पाणी सुमारे साडेसव्वीस अंशांहून गरम असले की भरपूर वाफ वर जाते. वर तिचे पुन्हा पाणी होताना उष्णता सुटते आणि त्यावर वारा फिरत राहतो. म्हणजे हे एक वाफेचे इंजिनच. १९८६ साली केरी इमॅन्युएल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्याचे गणित मांडले. खाली पाणी किती गरम आणि वर हवा किती थंड, यावरून वारा फार तर किती वेग घेईल ती मर्यादा काढता येते.

आता त्या मर्यादेपर्यंत वारा चढतो कसा? येथे आपले त्रैराशिक चालत नाही. इडलीचे पीठ आठवा. आधी हळू फुगते, मग भराभर, आणि शेवटी थांबते. मार्क डीमारिया यांनी २००९ साली वादळासाठी अशाच वाढीचे सूत्र मांडले. अगदी सोपे करून सांगते. समजा मर्यादा ताशी २०० किलोमीटर आहे, आणि दर सहा तासांची वाढ म्हणजे वेगाचा पाचवा हिस्सा, गुणिले मर्यादेपैकी शिल्लक राहिलेला भाग. वेग ५० असताना पाचवा हिस्सा १०, शिल्लक पाऊण, वाढ साडेसात. वेग १०० असताना हिस्सा २०, शिल्लक निम्मी, वाढ १०. वेग १९० झाला की वाढ दोनसुद्धा नाही.

तो पाचवा हिस्सा मी समजुतीसाठी धरला. खरे वादळ तो सारखा बदलते. वरचा वारा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे वाहू लागला की वादळाचा खांब कलतो आणि जोर मोडतो. भर पावसाळ्यात अरबी समुद्रात मोठी वादळे क्वचित होतात, ती यामुळेच. कोरडी हवा आत शिरली, किंवा वाऱ्याने घुसळून तळचे थंड पाणी वर आले, तरी वाढ खुंटते. जमिनीवर आल्यावर तर जळणच तुटते; मग दर तासाला उरलेल्या जोराचा काही हिस्सा कमी होत जातो. वारा पडला तरी पाऊस मात्र मागे राहतो, हे विसरू नये.

आपल्याकडे पुष्कळजणी म्हणतात, "मागच्या खेपेस एवढे सांगितले, आणि आले काय? चार सरी!" भगिनींनो, वाट थोडी वळली की आपले गाव वाचते, पण दुसऱ्याचे बुडते. मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून वर गेले आणि १७ तारखेच्या रात्री गुजरातेत दीवजवळ धडकले. शिवाय अशी सूत्रे सरासरी सांगतात. एका दिवसात वेग ५५ किलोमीटरने चढणारी वादळेही असतात, आणि ती आधी ओळखणे आजही कठीण आहे.

आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कौलांवरचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून संध्याकाळची बातमी सौम्य असली तरी तिच्यावर रात्र काढू नये. रात्रीची आणि पहाटेचीही ऐकावी. घर सोडा असा निरोप आला तर म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना घेऊन उजेड असतानाच निघावे. भांडीकुंडी पुन्हा घेता येतात.